नाचणाऱ्यांपुरता आवाज

मला पदवीपर्यंत शिकवलं ते थोरल्या बहिणीनं, सुमनआक्कानं. पाचोडला तिच्या मुलीच्या हळदीत मी पहिल्यांदाच डीजे वाजवणार होतो. आक्काचं सासरी हसं व्हायला नको, म्हणून चिकलठाण्याच्या एका दुकानात सर्वांत मोठे स्पीकर मागितले.

दुकानदार नाडी पाहावी तसा स्पीकरवर तळहात ठेवून, डोळे मिटून गाणं ऐकत होता.

"अंगण केवढं हाय?"

"दोन बैलगाड्या मावतील एवढं."

"मग हे छोटे न्या, सर. आवाज नाचणाऱ्यांना पुरावा, म्हाताऱ्यांच्या कवळ्या निघू नयेत. अन् वायर एक जास्तीची ठेवा."

त्याचं ऐकलं आणि आक्काला चिठ्ठी पाठवली:

"ती. आक्कास, सा. न. स्पीकर छोटेच आणतोय. भिंती हलतील, असं दाजी गावभर सांगत फिरतायत म्हणे. त्यांना सांग, भिंती जागेवर राहतील, हलायचं आपल्यालाच आहे."