लिफ्टमधला वजनकाटा

विषय : इमारतीच्या पाचव्या मजल्यावर राहणाऱ्या एका रहिवाशाबाबत. सदर व्यक्ती स्त्री, विवाहित व चष्माधारक असून माध्यमिक शाळेत भौतिकशास्त्र हा विषय शिकवते. वजन छप्पन किलो (स्थिर अवस्थेत). वर्तणूक चांगली. लिफ्टचा वापर प्रवासाव्यतिरिक्त अन्य कारणासाठी केल्याची एक तोंडी तक्रार दाखल आहे. तिचे निवारण होऊ शकलेले नाही, कारण सदर व्यक्तीने दिलेले स्पष्टीकरण तक्रारदारास समजलेले नाही.

हे अन्य कारण म्हणजे बाथरूममधला वजनकाटा. गोल तबकडीचा, जुना, एका कोपऱ्यात गंजलेला. दर वर्षी गतीच्या नियमांचा धडा आला की बाई वर्गातल्या मुलांना टोळीटोळीनं घरी बोलवायच्या, तो काटा लिफ्टमध्ये ठेवायच्या आणि आधी स्वतः उभ्या राहून, मग एकेकाला त्यावर उभं करून खाली न्यायच्या. लिफ्ट खाली निघायच्या क्षणी काटा मागे सरकायचा, मधे ती एका वेगानं चालायला लागली की मुकाट जागेवर यायचा आणि थांबताना पुढे पळायचा.

"वजन कमी झालं का रे तुझं?" बाई विचारायच्या. "काही नाही झालं. तुझ्या पायाखालची फळी खाली निघाली, म्हणून ती तुला कमी जोरानं ढकलतेय. एवढंच."

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना यातलं 'वजन कमी' एवढंच ऐकू आलं होतं. त्या अधूनमधून काटा मागून न्यायच्या आणि लिफ्टनं खाली जाऊन यायच्या. "थांबताना तेवढं बघायचं नाही," असा त्यांचा नियम होता, आणि तो त्या बाईंच्या तिन्ही नियमांपेक्षा कसोशीनं पाळायच्या.

शाळेत मुलांनी बाईंचं नाव जडत्वबाई ठेवलं होतं. बाई अंगानं काटकुळ्या; नाव अंगावरून नव्हतं. एकदा एका मतावर बसल्या की बाहेरून बळ लावल्याशिवाय त्या हलत नसत. नाव कानावर आलं तेव्हा बाईंनी ते व्याख्येशी ताडून पाहिलं आणि शिकवलेलं डोक्यात शिरल्याचा पुरावा म्हणून मान्य केलं.

घरात नवरा आणि सासूबाई. नवरा विमा कचेरीत होता, अंगानं भरभक्कम आणि स्वभावानं इतका शांत, की पाहुण्यांना तो घरात आहे हे जाताना कळायचं. सासूबाईंचे गुडघे बरेच आधी संपावर गेले होते, तोंड मात्र पूर्णवेळ कामावर होतं. रोज दुपारी त्या लिफ्टनं खाली जायच्या आणि जिन्याखालच्या मोकळ्या जागेत तीन मैत्रिणींबरोबर पत्ते खेळायच्या. उरलेला दिवस आदल्या डावात कोण कशी चुकली याच्या चर्चेत जायचा. त्या लबाडी करायच्या हे साऱ्या इमारतीला ठाऊक होतं, त्यांना स्वतःलाही. पण त्या एका दुपारसाठी त्यांचा सकाळपासून जीव टांगणीला लागलेला असायचा, हे फक्त सुनेला ठाऊक होतं.

अशात लिफ्टबद्दल कुजबुज सुरू झाली. खाली निघताना ती 'सुटते', असं लोक म्हणू लागले. कुणाच्या पोटात गोळा आला, कुणाच्या हातातली दुधाची पिशवी पडली. सेक्रेटरी काकांनी जिन्याच्या वळणावर सभा बोलावली. काका सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती.

"सदर लिफ्ट," काका म्हणाले, "दुरुस्ती होईपर्यंत बंद ठेवणे इष्ट. मेकॅनिक म्हणतो, यंत्र उघडावं लागेल आणि भाग बाहेरून मागवावा लागेल. महिना जाईल, कदाचित दोन."

"का पण?" बाई म्हणाल्या. "पोटात गोळा येणं म्हणजे मोजमाप नव्हे. मोजलंय का कुणी?"

"अहो, मी मेले असते!" तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या.

"पण नाही ना मेलात? एकीला वाटलं सुटली, तिनं दुसरीला सांगितलं. मग दुसरी चढायच्या आधीच पोट धरून उभी. मी मोजते. खराब निघाली तर बंद करा, मी पहिली सही करते."

बाईंना लिफ्ट चालू राहायला हवी होती, हे सगळ्यांना दिसत होतं. ती बंद पडली असती तर सासूबाई पाचव्या मजल्यावर अडकल्या असत्या, पत्ते सुटले असते, आणि पत्ते सुटलेल्या सासूबाईंकडे पाहणं बाईंच्यानं झालं नसतं. पण आपण निष्पक्ष आहोत याबद्दल बाईंना शंका नव्हती. हवा तो निकाल हाती येत असला की ती कुणालाच नसते.

प्रयोग रीतसर झाला. बाईंनी लिफ्टच्या दारावर कागद चिकटवला : 'मोजमाप चालू आहे. कृपया कुणीही आत येऊ नये.' गर्दी नको, धक्काबुक्की नको, वहिनी तर नकोतच. मग काट्यावर उभं राहून त्या एकट्या पाचव्या मजल्यावरून खाली गेल्या, वर आल्या, परत गेल्या. निघताना दर खेपेला काटा छप्पनवरून एक्कावन्नवर यायचा, जसा दर वर्षी मुलांपुढे यायचा. ना कमी, ना जास्त. बाईंनी निकाल सांगितला, काकांनी लिफ्ट सुरक्षित असल्याचं पत्र काढलं, आणि सासूबाई खाली जाऊन डाव जिंकून आल्या.

संध्याकाळी स्वयंपाकघरात दोघी मटार सोलत बसल्या होत्या.

"काय गं, पास झाली म्हणे तुझी लिफ्ट."

"झाली. मी म्हटलंच होतं."

"एकटीच गेली होतीस?"

"मग? गर्दीत नीट मोजता येत नाही, आई."

"नसेल येत." सासूबाईंनी एक शेंग फोडली, दोन दाणे तोंडात टाकले. "पण ती सुटली तेव्हा आम्ही दाटीवाटीनं भरलेल्या होतो. एकटी असताना मलाही काही झालं नाही कधी."

बाईंनी पुढची शेंग उचलली.

"मला तुझ्यातलं कळत नाही," सासूबाई म्हणाल्या. "पण हवे तसे पत्ते आले की मी कधी म्हणत नाही, पुन्हा पिसा. दुसरीला आले की मात्र दोनदा पिसायला लावते."

बाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. दोराच्या एका टोकाला लिफ्ट असते आणि दुसऱ्या टोकाला लोखंडी वजन, साधारण अर्ध्या भरलेल्या लिफ्टइतकं. ही आकृती त्यांनी फळ्यावर किती वेळा काढली होती. एकटं माणूस आत असलं की लोखंडी वजन भारी पडतं. ब्रेक सुटला तरी लिफ्टला वरच जायचं असतं, मोटर तिला ओढून खाली आणते. लिफ्ट गच्च भरली की पारडं फिरतं. मग ब्रेक सुटल्यावर मोटरनं पकड घ्यायला क्षणभर जरी उशीर केला, तरी तेवढा क्षण लिफ्ट कुणाचीच नसते. ज्या परिस्थितीत ती नापास होऊ शकली असती, नेमकी तीच बाईंनी दारावर कागद चिकटवून बाहेर ठेवली होती.

"आता कशाला खाजवून खरूज काढतेस?" दारात उभा राहून नवरा म्हणाला. तो केव्हापासून तिथं होता कोण जाणे. "पत्रसुद्धा निघालं."

"आई," बाई म्हणाल्या, "भरलेल्या लिफ्टमध्ये मोजलं आणि खराब निघाली, तर उद्यापासून बंद. तुमचं खाली जाणं बंद. महिना, दोन महिने."

सासूबाईंनी आणखी एक शेंग उचलली, पण सोलली नाही.

"मग नको मोजूस."

बाईंनी सोललेले दाणे पातेल्यात टाकले.

"नको म्हटलं तर ऐकणार आहेस का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"मग विचारलंस कशाला? मटार सोल."

त्या रविवारी सकाळी पाचव्या मजल्यावर माणसं गोळा करण्यात आली. लिफ्टवर लिहिलेल्या मर्यादेपर्यंत ती भरायची होती. नवऱ्याला त्याच्या वजनासाठी बोलावलं होतं. या कामी त्याच्याइतका लायक माणूस इमारतीत दुसरा नव्हता. वहिनी आपणहून आल्या. काट्यावर बाई उभ्या राहिल्या, पण तो वाचायला त्यांनी काकांना खाली बसवलं.

"तुम्हीच वाचा की," काका म्हणाले. "माझी कंबर बघा."

"मी वाचणार नाही. मला कुठला आकडा हवाय ते सगळ्यांना माहीत आहे. हवा तो आकडा दिसायला चष्मासुद्धा लागत नाही."

काका इतरांच्या पायांमध्ये कसेबसे उकिडवे बसले. एका हातानं चष्मा, दुसऱ्या हातानं कुणाचा तरी गुडघा धरला. दार लागलं, बटण दाबलं गेलं, आणि सगळ्यांच्या पोटांनी आधी आणि काट्यानं नंतर निकाल दिला.

"अडतीस!" खालून काका ओरडले.

मग वहिनी म्हणाल्या, "अडतीस? सरका हो, मला उभं राहू द्या."

पुन्हा वर जाऊन पुन्हा खाली आले. एकोणचाळीस. पुन्हा अडतीस. मग बाईंनी नवऱ्याला बाहेर उतरवलं : पंचेचाळीस. परत आत घेतला : अडतीस. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याच्या असण्यानं नेमका किती फरक पडतो, हे प्रथमच आकड्यात दिसलं. तो जरा ताठ उभा राहिला.

"माझा आधीचा निकाल चूक होता," तळमजल्यावर उतरल्यावर बाई म्हणाल्या. आवाज वर्गातला होता, चेहरा नव्हता. "आकडे खरे होते, पण ते रिकाम्या लिफ्टचे होते. लिफ्ट बंद करा, काका. आणि ते पत्र फाडून टाका."

"फाडता येत नाही," काका कंबर सरळ करत म्हणाले. "रद्द करता येतं. त्यासाठी दुसरं पत्र काढावं लागतं."

मेकॅनिक आला, त्यानं यंत्र उघडलं, आत डोकं घातलं आणि बाहेर काढून एवढंच सांगितलं, की ब्रेक लवकर सोडतो आणि मोटर उशिरा धरते, त्यात गच्च भरून फिरवू नका. मग सगळं खोलून ठेवलं आणि भाग मागवायला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई नेहमीच्या वेळी बाहेरची चप्पल घालून दारात उभ्या राहिल्या. बाई शाळेतून नुकत्याच आल्या होत्या.

"आई, लिफ्ट बंद आहे."

"ते कळलं मला. तूच बंद केलीस. जिना चालू आहे ना?"

"तुमचे गुडघे..."

"खाली जायला गुडघे कशाला? वजन आहे की माझ्याकडे, ते आपसूक खालीच नेतं. तूच शिकवतेस ना पोरांना?"

"असं नाही शिकवत मी," बाई म्हणाल्या. "आणि वर कशा याल?"

"ते नंतरचं."

मग मिरवणूक निघाली. पुढे खुर्ची घेऊन त्या दिवशी रजेवर असलेला नवरा, मधे सासूबाई, मागे त्यांचा दंड धरून बाई. प्रत्येक वळणावर खुर्ची मांडायची, सासूबाईंनी बसायचं, त्या मजल्याचा समाचार घ्यायचा आणि पुढे निघायचं. गुडघे प्रत्येक पायरीला कुरकुरत होते. सासूबाई अवाक्षर काढत नव्हत्या, पण सुनेच्या मनगटावर त्यांची बोटं अशी रुतत होती, की पुढे दोन दिवस तिथं वळ होते. बाईंनी हात काढून घेतला नाही.

खाली तळमजल्यावरच्या आजी पत्ते पिसत वाट पाहत होत्या. त्या एकट्या राहायच्या, आयुष्यभर नर्सची नोकरी केलेल्या, आणि अजूनही सगळ्यांशी ते खाटेवर पडलेत अशा आवाजात बोलायच्या.

"ही आता वर जायची नाही," त्यांनी जाहीर केलं. "या गुडघ्यांनी तर नाहीच. माझ्याकडे खोली रिकामी आहे. हिचे कपडे आणून द्या."

"आई?" बाई म्हणाल्या.

"ती म्हणतेय तर राहते," सासूबाई म्हणाल्या. एवढ्यात त्यांचे पत्ते वाटून झाले होते.

तेव्हापासून बाई शाळेतून आल्या की डबा घेऊन खाली उतरायच्या. सासूबाई मान वर न करता म्हणायच्या, "ठेव तिथं, माझा डाव आहे." बाई डबा ठेवायच्या, क्षणभर उभ्या राहायच्या, आणि कालचा रिकामा डबा घेऊन पाच मजले चढायच्या. मटार आणले की एकट्याच सोलायच्या. निम्मे सोलून झाले की हात थांबायचा, पण समोरून कुणी टोचून बोलायचं नाही.

"घर किती शांत झालंय," त्या एकदा नवऱ्याला म्हणाल्या.

"हो ना," नवरा समाधानानं म्हणाला.

यथावकाश भाग आला आणि बसला. या वेळी बाईंनी लिफ्ट रिकामी मोजली, अर्धी भरून मोजली, गच्च भरून मोजली. वाचायला काकाच होते, आता उशी घेऊन. काटा दर खेपेला एक्कावन्नच्या आसपासच राहिला. काट्यावर उभं राहून वहिनी म्हणाल्या की दुरुस्तीत काही राम नाही, आधीची लिफ्ट बरी होती.

त्याच दिवशी सूचनाफलकावर काकांचं पत्र लागलं : 'पाचव्या मजल्यावरील रहिवासी यांनी केलेल्या शास्त्रीय मोजमापानुसार लिफ्ट सर्व भारांखाली सुरक्षित असल्याचे सिद्ध झाले आहे. याबद्दल त्यांचे अभिनंदन. सर्व रहिवासी आपापल्या मजल्यावर पूर्ववत स्थिर झालेले आहेत.'

सासूबाई अजून तळमजल्यावरच राहतात.