प्रिंटरला कुंकू

उदयकाका छत्तीस वर्षं भोपाळच्या एका मोठ्या कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी अवधपुरीच्या घरातला प्रत्येक नळ दोनदा उघडून पुन्हा बसवला. तिसऱ्यांदा पाना हातात घेतला तेव्हा सुमित्राकाकूंचा मला फोन आला. “क्षितिजा, ह्यांना कुठेतरी कामाला लाव बाई, नाहीतर मीच माहेरी जाते.”

मी उपग्रहाचे भाग छापणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. हो, छापणाऱ्याच. टायटॅनियमची पावडर थरावर थर पसरायची, हवी तिथेच लेसरने वितळवायची, की दोन दिवसांत उपकरणं धरून ठेवणारा अख्खा ब्रॅकेट तयार. पूर्वी त्यासाठी बावीस तुकडे जोडत महिना जायचा. आमचा मालक प्रतीक, वय वर्षं अठ्ठावीस. छापताना भागाला दिलेले आधाराचे खांब तोडून कानस मारायला त्याने काकांना ठेवून घेतलं.

“जोडायचंच काही नाही, तर फिटर हवाय कशाला?” असं काका रोज कुरकुरायचे आणि रोज पाऊण तास आधी हजर व्हायचे. हे काम सुटलं तर पुन्हा घरचे नळच, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

खंडेनवमीला ते आणखी लवकर आले. हत्यारांची पूजा त्यांनी आयुष्यात चुकवली नव्हती. कानशीला कुंकू लावलं, पक्कडीला लावलं, मग मशीनकडे वळले. नुसत्या पत्र्याला कुंकू लावणं त्यांना पटेना. देव काय झाकणावर बसतो? त्यांनी पावडरच्या टाकीचं झाकण उघडलं, आत हळद-कुंकू आणि अक्षता वाहिल्या, मनोभावे हात जोडले. डोळे उघडले तर समोर भिंतीवर मीच चिकटवलेला कागद: पावडरमध्ये धुळीचा कणही जाऊ देऊ नये.

झाकण लावून ते गप्प बसू शकले असते. पण आम्ही पोहोचलो तेव्हा काच फोडलेल्या पोरासारखे ते उघड्या टाकीशेजारी उभे होते. त्यांनी सगळं सांगितलं.

“काकाजी, ये क्या कर दिया आपने! पूरी टंकी फेंकनी पड़ेगी!” प्रतीक ओरडला. मीही चिडले, खोटं कशाला बोलू? काकांनी निमूटपणे डबा पिशवीत भरला आणि चपला शोधू लागले.

प्रतीक जरा शांत झाला. “बता क्यों दिया? किसी को पता भी नहीं चलता.”

“कारखाने में मशीन बिगड़ती थी, तो मैं जाके खोलता था,” काका आपल्या मराठी हिंदीत म्हणाले. “ये ऊपर जाके बिगड़ा, तो कौन खोलेगा?”

प्रतीकने काकांच्या हातातली पिशवी काढून पुन्हा टेबलावर ठेवली. मला काकांचा इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं.

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर प्रतीकने काकांच्या हातात तपासणीचा शिक्का दिला. यापुढे ते पास करतील तोच भाग बाहेर जाणार होता. काकांनी चष्मा पुसला, टेबलावरचा पहिला ब्रॅकेट उचलला आणि कानाशी नेऊन हलवला. आत अडकलेली पावडर खुळखुळली; ती बाहेर पडायला भोकच ठेवलेलं नव्हतं.

“नापास.”

“काकाजी, ये मेरा डिज़ाइन है!”

“तभी तो बता रहा हूँ,” म्हणत काकांनी लाल शिक्का मारला.