तोंडदेखलं पाणी

उन्हाळ्यात घड्याळजी उजाडायच्या आधी गच्चीवर जात. गल्लीच्या तोंडाशी घड्याळदुरुस्तीचं खिडकीएवढं दुकान, त्यात चाळीस वर्षं वाकून बसल्याने पाठीला कायमचा बाक आलेला. गच्चीवर हिरव्या जाळीखाली त्यांची सात बोन्साय झाडं होती. बारीक कामाची सवय, झाडंही बारीकच पाळली, असं लोक म्हणत.

आधी मातीत बोट खुपसायचं. मग झारीने पाणी, कुंडीच्या बुडातल्या भोकांतून गळेपर्यंत. जरा थांबून पुन्हा तेवढंच. पानांवर फवारा सगळ्यात शेवटी. "फवारा म्हणजे तोंड धुणं," ते म्हणत. "तोंड धुतल्याने तहान भागत नाही." ऊन उतरलं की पुन्हा हेच.

त्यातलं जुनिपर, सुरूसारख्या बारीक पानांचं, सव्वीस वर्षांचं होतं. वीतभर उंच, वाऱ्याने कायमचं एका अंगाला झुकवल्यासारखं. त्याची एकेक फांदी त्यांनी तार गुंडाळून वळवली होती. मूलबाळ नव्हतं. कुणी तो विषय काढला की ते त्याला गच्ची दाखवायला नेत.

भर उन्हाळ्यात एका डोळ्याचा मोतीबिंदू काढायची वेळ आली. डॉक्टरांनी दोन आठवडे वाकायला, ओझं उचलायला, जिने चढायला मनाई केली. बायकोचे गुडघे तिला जिना चढू देत नव्हते. उरला शेजारच्या खोल्यांत राहणारा धाकटा भाऊ. त्याला आदल्या दिवशी वर नेऊन त्यांनी मातीत बोट खुपसायला लावलं, झारी धरायला लावली.

"वर नळ नाही. दोन बादल्या सकाळी, दोन संध्याकाळी."

"दादा, मी काय लहान आहे? तू डोळ्याकडे बघ. म्हणजे, बघू नकोस."

दोघंही हसले.

रोज संध्याकाळी धाकटा त्यांच्या उघड्या डोळ्यासमोर फोनमधला झाडांचा फोटो धरी. पानापानावर थेंब. "तुझी पोरं गार आहेत बघ." घड्याळजी निवांत झोपत.

पंधराव्या दिवशी ते वर गेले. सहा झाडांनी निम्मी पानं गाळली होती. एवढ्या उन्हात चालायचंच. जुनिपर मात्र हिरवंगार, वरची मातीही ओलसर. त्यांनी धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला. "तू होतास म्हणून."

धाकटा जिन्याकडे बघत म्हणाला, "त्यात काय एवढं."

मग तीन आठवडे ते स्वतः पाणी घालत होते. पण जुनिपरची चमक गेली, टोकं पिवळी पडली, बोट लावलं की पानं झडू लागली. दुकानातलं भिंग डोळ्याला लावून पाहिलं, तर एकही कोंब जिवंत नव्हता. त्यांनी झाड कुंडीतून काढलं. कडेची माती ओली, मधला गोळा विटेसारखा कोरडा. एकदा पार सुकलेला गोळा पाणी आत घेत नाही. आणि जुनिपर मेल्यावरही कितीतरी दिवस हिरवं राहतं. पाठीवर हात ठेवला त्या दिवशी ते मेलेलंच होतं.

धाकट्याला वर बोलावलं. गोळा पाहून त्याने आढेवेढे घेतले नाहीत.

"दोन दिवस चढवल्या बादल्या. मग कंबर धरली. म्हटलं, फवारा तरी मारू."

"सांगायचंस. माणूस लावला असता."

"तू फोटो मागायचास. फोटोत पानंच दिसतात, दादा. माती कुठे दिसते?"

परक्याने मान कापली तर ओरडता तरी येतं. घरच्याने केसाने गळा कापला की आवाज फुटत नाही. घड्याळजी खाली आले. बायको भाजी निवडत होती.

"बादल्या तुझ्याच नळावर भरायच्या. तुला कळलं नाही?"

"कळलं. पण अहो, सांगितलं असतं तर तुम्ही बादली घेऊन चढला असतात. डोळा गेला असता."

"डोळा माझा होता. मला विचारायचंस."

"काय म्हणाला असतात ते मला माहीत होतं."

ते खरं होतं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी दुसऱ्या डोळ्याची तारीख काढली. सोबत आलेला धाकटा घाईने म्हणाला, "या वेळी माणूस लावू. मी लक्ष ठेवीन."

"उन्हाळा सरल्यावर बघू," घड्याळजी डॉक्टरांना म्हणाले. धाकट्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

घरी येऊन त्यांनी अर्धी बादली भरली. एक डोळा लख्ख, एक धुकट. पायरी कुठे संपते ते पायानेच चाचपावं लागत होतं.

"निदान कठड्याला धरा," बायको खालून म्हणाली.

पाणी सांडू नये म्हणून ते सावकाश चढत होते.