सुरूचं झाड सुरू झालं का?

अणदूरला हायवेवर सोलापूरची एसटी येऊन थांबली, तेव्हा आईनं माझ्या कपाळाला भंडारा लावला आणि आमच्याच मेंढरांच्या लोकरीचं घोंगडं माझ्या नव्याकोऱ्या ट्रॉली बॅगेवर टाकलं. "तिकडं बर्फ पडतंय म्हनं," ती म्हणाली आणि पदर डोळ्याला लावून पुढं, "इसरशील गं आमाला." मी चिडलेच. माझे वडील, आण्णा, मात्र हसत होते. आमचा खंडोबा वर्षातले थोडे दिवस नळदुर्गला मुक्कामाला जातो आणि परत गावात येतो, त्याचा दाखला देत ते आईला म्हणाले, "देव बी जातोयच की! जाऊ दे पोरीला."

गेले. स्वीडनला. स्प्रूस नावाच्या झाडाच्या बियांवर संशोधन करायला. पहिला फोटो घरी पाठवला तर आण्णा म्हणाले, "ही तर आपल्या शाळंतली सुरूची झाडं!" मी घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं, सुरू वेगळं, हे वेगळं, ह्याला खरे शंकू लागतात. छे! तेव्हापासून दर रविवारी फोनवर तोच प्रश्न, "सुरूचं झाड सुरू झालं का?" आणि स्वतःच खो खो हसायचं. इथल्या लॅबमध्ये कॉफीच्या सुट्टीला 'फिका' म्हणतात. एका फिकाला मी हा विनोद समजावून सांगितला. कुणीही हसलं नाही.

माझ्यासारख्या घर सोडून लांब गेलेल्या पोरींनो, तुम्हाला तरी नीट सांगते, कारण मला राहवत नाहीये. बियाच्या पोटात गर्भ घडत असतो, तेव्हा आरएनएचे अगदी बारके तुकडे कामाला लागलेले असतात. ते स्वतः काही बांधत नाहीत. ते जनुकांना गप्प बसवतात: तू आत्ता नको, तू थांब, आधी त्याला येऊ दे. आमच्या आईसारखंच, चार पोरं एकदम बोलायला लागली की एका नजरेत तिघं गप्प. हे तुकडे नसतील तर मूळ कुठं आणि शेंडा कुठं, सगळा गोंधळ.

आणि स्प्रूसची खरी गंमत तर पुढंच आहे. बी ज्या उबेत घडलं, ती ऊब रोपाला पुढं वर्षानुवर्षं आठवते असं म्हणतात. ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. म्हणून एकाच बियाच्या पेशींपासून मी गर्भ वाढवले, म्हणजे रक्त एकच. अर्धे थंड कपाटात, अर्धे उबदार कपाटात. उबदार कपाटावर चिठ्ठी चिकटवली: 'अणदूर'. आत अठ्ठावीस अंश. आण्णांना सांगितलं तर म्हणाले, "अठ्ठावीस? त्याला आमी थंडी म्हणतो!"

पहिल्या खेपेला गर्भ वाढवायच्या सगळ्या प्लेटांना बुरशी लागली. घोंगडं डोक्यावर ओढून मी ढसाढसा रडले. बॉसबाई शांतपणे म्हणाल्या, या शरदात रोपांमध्ये फरक दिसला तर दोन वर्षांची मुदतवाढ, नाही तर प्रकल्प बंद. म्हणजे बॅग भरायची. आईला हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "खंडोबा करंल ते बरं करंल." तिनं देवाला नेमकं काय मागितलं ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या खेपेची रोपं एकाच ग्रीनहाऊसमध्ये शेजारी शेजारी लावली. पाणी तेच, उजेड तोच. दिवस लहान होत गेले. एका सकाळी दार उघडून बघते तर काय! थंडीत घडलेल्या रोपांनी वाढ थांबवून शेंड्याच्या कळ्या मिटून घेतल्या होत्या, तपकिरी, गच्च. आणि माझी अणदूरची रोपं? हिवाळा दारात उभा, आणि ह्या बाया आपल्या हिरव्यागार वाढतायत! अगं आई गं! मी तिथंच नाचले. दोन्हीकडच्या गर्भांमधले बारके आरएनए वेगवेगळे होते हे आधीच मोजलं होतं. ही आठवण त्यांनीच जपली असं छातीठोक म्हणत नाही, ते अजून सिद्ध व्हायचंय. पण रोपांना आठवत होतं, हे मी बघितलं.

रविवारची वाट न बघता फोन लावला. "आण्णा, सुरू झालं!" ते एवढ्या जोरानं ओरडले की मागं कुत्रं भुंकायला लागलं. मग आईनं फोन घेतला.

"म्हंजी त्या झाडास्नी ध्यानात ऱ्हायलं?"

"व्हय आई. कुठल्या उबेत घडलो ते."

"आन तू? अजून दोन वर्सं तिकडंच."

इतका आनंद आणि त्याच्याच पोटात हे.

"ऱ्हा," ती म्हणाली. "इसरशील म्हणून आता न्हाय म्हणायची तुला."

त्या दिवसापासून मला कुणी 'घर कुठं?' असं विचारलं की मी इथला पत्ता देत नाही. राहते इथं. घडले अणदूरला.