वेशीतली कडी
मेथी निवडायला बसले की त्या वासानं मला विदर्भातल्या कारंजा गावाची वेस आठवते. जैन मंदिरातलं लाकडी कोरीवकाम पाहून झालं होतं आणि माझ्या यादीत आता एवढी जुनी वेसच उरली होती. कमानीच्या दगडात लोखंडी कड्या होत्या. त्यातल्या एकीला तागडी अडकवून एक दाढीवाले चाचा भाजी तोलत बसले होते. मला फोटोत नुसती वेस हवी होती. "चाचा, जरा बाजूला होता का? जुनं तेवढंच घ्यायचंय," मी म्हणाले. "आमी बी जुनेच आहो ना, बाई," ते हसले. तरी त्यांनी तागडी उतरवली, टोपल्या ओढून घेतल्या आणि मेथीला आलेल्या बाईला म्हणाले, "थांब वं जराशी, पाहुणीचा फोटो होऊन राह्यला." मी मनासारखा फोटो काढला आणि घाईनं बस गाठली. काल मेथी निवडता निवडता तोच फोटो मोबाइलवर मोठा करून पाहिला. बाकीच्या कड्या गंजून काळ्या पडल्यात. ती एकच, वर्षानुवर्षं तागडी घासून, चांदीसारखी लखलखतेय. आणि माझ्या फोटोत ती रिकामी आहे.