जाणाऱ्याचं घड्याळ

"हिच्या वस्तीत घड्याळंच हळू चालतात," सर म्हणाले. अख्खा वर्ग हसला. मी दारात. उशीर बारा मिनिटांचा. आमच्या गोरेगावहून हिंगोलीला येणारी जीप माणसं कोंबल्याशिवाय हलत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तरी तास संपेपर्यंत मला दारातच उभं ठेवलं. तिथल्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते मी. आमच्या वस्तीतून इथवर आलेली पहिलीच. फळ्यावर त्या दिवशी भौतिकशास्त्रातली सापेक्षता होती.

आमच्याकडं शिकणं म्हणजे सरांच्या नोट्स. आदल्या वर्षीच्या पोरींची वही आणायची, उतरवायची, घोकायची. त्या वहीत होतं: वेगानं जाणाऱ्याला स्वतःचं घड्याळ हळू झालेलं दिसतं, स्वतःचं यान आखूड झालेलं दिसतं. मीही मुकाट घोकलं.

मग एकदा परतीच्या जीपमध्ये, मागच्या सीटवर अंग चोरून बसले असताना, डोक्यात उजेड पडला. समजा, ही जीप प्रकाशाच्या जवळपास वेगानं निघाली. सडकेवरच्या माणसानं मोजली तर ती आखूड भरेल, त्याच्या मोजणीत माझं घड्याळ हळू चालेल. पण आत? आत माझे गुडघे तेवढेच अवघडलेले. माझं घड्याळ माझ्यापुरतं ठीकच. उलट मी मोजलं तर त्याचंच घड्याळ हळू, तोच चपटा. आणि दोघांचंही मोजणं खरं. सडकेवर उभा आहे म्हणून त्याचं जास्त खरं, असं नाही. मला इतका आनंद झाला की रडू आलं. लायब्ररीतलं पुस्तक काढून पाहिलं. तसंच होतं.

चाचणीत तेच लिहिलं. सरांनी पेपर वर्गासमोर फडकवला. शून्य. मी पुस्तक पुढं केलं, त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "सवलतीवर आलात, आता आम्हाला शिकवणार? उद्या हे खोडून नोट्समधलं लिही, नाहीतर इंटर्नलचे मार्क विसर."

मार्क गेले की विषय राहणार. विषय राहिला की लग्न, हे बापानं आधीच सांगून ठेवलेलं. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "लिवून टाक की माय. तुझं काय जाऊन राहिलं?"

तिचा राग आला नाही. ती आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात मान खाली घालूनच राबली. पण माझं जात होतं. आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट मला स्वतःच्या डोक्यानं कळली होती, आणि तीच माझ्या हातानं खोडायची होती.

दुसऱ्या दिवशी सरांनी पेन पुढं केला. मी पेन घेतला नाही.

"सर, उत्तर बराबर आहे. मी खोडत न्हाई."

या वेळी कुणी हसलं नाही. कुणी माझ्या बाजूनंही बोललं नाही.

मार्क गेले. विषय राहिला. परवा पाहुणे बघायला आले, मी त्यांच्यासमोर गेलेच नाही. बाप बोलत नाही, माझं कॉलेजला जाणं बंद, दिवसभर घरात कोंडल्यासारखी बसून आहे. पण परीक्षेला पुन्हा बसणार. हाच प्रश्न येईल, कदाचित पेपर त्याच सरांच्या हातात जाईल. मी हेच उत्तर लिहीन.