बिनचुलीची खोली

भाईंदरच्या मिठागरावर बाबाजी भुवडला सगळे नशीबवान समजायचे. का, तर त्याला खोली होती. बाकीचे मजूर झापांच्या झोपड्यांत आठ-आठ जण दाटीवाटीनं राहायचे, आणि गुहागरकडच्या ह्या एकट्या माणसाला विटांच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, दाराला कडी! गावाकडचं कुणी आलं की खोली बघून म्हणायचं, "मजा हाय बा तुजी. आता बायकोला आणून टाक." बाबाजी नुसता हसायचा. हसणार नाही तर काय करणार बिचारा! खोली त्याची नव्हतीच मुळी. खोली पेट्रोलची होती.

त्याचं असं झालं. चौसष्ट साली जयकुमार शेठनं आगरात पाणी ओढायला इंजिन बसवलं. ते सुरू व्हायचं पेट्रोलवर, आणि तापलं की चालायचं घासलेटवर. म्हणजे पेट्रोल लागायचं थोडंच, पण लागायचं रोज. आणि पेट्रोल म्हणजे मोटारवाल्यांच्या गळ्यातला ताईत. पडवीत ठेवलं की सकाळी डबा अर्धा. दोनदा असं झाल्यावर शेठनं ही खोली बांधली आणि बाबाजीला बोलावलं. "बाबाजी, तू इधर सोयेगा. पेट्रोलच्या बाजूला. तुझ्यावर भरोसा हाय आपला." बाबाजीला दारू नाही, जुगार नाही. व्यसन म्हणाल तर विडी. ती त्यानं त्याच दिवशी बंडलासकट खाडीत टाकली.

आता पेट्रोलाशी घरोबा करायचा म्हणजे खायचं काम नव्हे. बाबाजीला कुणी शिकवलं नाही, पण भीती हा मोठा मास्तर असतो. डबा काठोकाठ भरायचा नाही, वर चार बोटं जागा सोडायची, कारण उन्हाळ्यात पेट्रोल फुगतं. झाकण घट्ट लावायचं आणि उघडताना हळूहळू फिरवायचं, आतली वाफ फुस्स करून निघून जाईतो तोंड बाजूला धरायचं. नळीनं ओढताना तोंड लावायचं नाही. जेवायच्या आधी हात राखेनं घासायचे. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे त्या खोलीत काडी ओढायची नाही. दिवा नाही, स्टोव्ह नाही, देवापुढं उदबत्तीसुद्धा नाही. अंधार पडायच्या आत अंथरूण घालायचं, की झालं. जेवायला तो जुन्या भाईंदर गावात इंदुबाईकडे जायचा. ही इंदुबाई तिथलीच, नवरा मासेमारीला जायचा आणि ती दहा-बारा मजुरांना जेवण घालायची. तोंडानं फाटकी, पण मनानं माया करणारी.

"काय रं बाबाजी," ती म्हणायची, "तुला खोली हाय, बायको हाय, मंग हितं माज्या चुलीम्होरं कनाला बसतंस रोज?"

"दात हायत तर चणे नायत, इंदुबाय," तो म्हणायचा आणि आमटी ओढायचा.

सहासष्ट साली त्याचं लग्न झालं. मंदा सावळी, उंचीनं त्याच्या कानाला लागणारी, आणि बोलायला खमकी. लग्नानंतर सतरा दिवस दोघं एकत्र राहिली, आणि मग बाबाजी मिठागरावर परतला. पावसाळ्यात मिठाचं काम बंद पडतं, बाकीचे मजूर लावणीला गावी जातात. पण इंजिन आणि पेट्रोल राखायला बाबाजीला थांबावं लागे. गौरी-गणपतीचे पंधरा दिवस काय ते त्याचे. पाच वर्षांत पंधरा-पंधरा दिवस. बेरीज करून बघा आणि सांगा, ह्याला संसार म्हणायचं का!

पत्रं तो लिहायचा, चौथीपर्यंत शिकलेला होता. पण मंदाला वाचता येत नव्हतं. पत्र वाचायचा धाकू, त्याचा धाकटा भाऊ, आणि तेही ओटीवर, आईसमोर, मोठ्यानं. मग त्यात काय लिहिणार? "मी खुशाल आहे, तुम्ही सर्वांनी प्रकृतीस जपावे." तुझी फार आठवण येते, हे चार शब्द त्यानं पाच वर्षांत एकदाही लिहिले नाहीत. आठवण मात्र यायची. संध्याकाळी झोपड्यांमधनं चुली पेटायच्या. बायका फुंकणीनं फुंकायच्या, धूर आगरावर पसरायचा, आणि बाबाजी काहीतरी काम काढून धुराच्या बाजूला जाऊन उभा राहायचा. डोळे चुरचुरायचे. कुणी विचारलं तर धुरानं पाणी आलं म्हणायला सोय होती.

पेट्रोलाबद्दल मात्र त्यानं घरी चकार शब्द काढला नव्हता. आईला कळलं असतं की लेक पेट्रोलाच्या उशाशी झोपतो, तर तिनं अन्नपाणी सोडलं असतं. म्हणून पत्रात फक्त "शेठने पक्की खोली दिली आहे" एवढंच. हीच त्याची चूक. कारण गावात लोकांना काय दिसलं? पक्की खोली आहे आणि बायकोला नेत नाही. मग जिभांना काय हाड असतं? मंदा पाणवठ्यावर गेली की बाया गप्प व्हायच्या. मूल नाही म्हणून सासू कुरकुरायची ती वेगळीच. पंधरा दिवसांत मूल काय अंगणातनं उचलून आणायचं?

सत्तर साली मिठागरावर प्लास्टिक आलं. त्याआधी पेट्रोल पत्र्याच्या डब्यात असायचं, आणि खाऱ्या हवेत पत्रा वर्षभरही टिकत नसे. तळाला गंज चढायचा, मग एक दिवस थेंब थेंब गळायला लागायचं. शेठनं कुठल्याशा कारखान्यातला रसायनाचा रिकामा डबा पाठवला. पांढरा, हलका, आतलं पेट्रोल किती उरलंय ते बाहेरनं दिसणारा. सगळ्या आगरानं तो हातात घेऊन बघितला. "गंजत नाय, म्हंजे प्रश्नच मिटला!" बाबाजीही खूष झाला. मिठात जन्म काढलेल्या माणसाला गंज सोडून दुसरा शत्रू ठाऊकच नसतो हो. डबा मऊ पडतो, फुगतो, त्याच्या अंगातनं पेट्रोल पाझरतं, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पुढच्या चैत्रात डब्याच्या कुशी बाहेर आल्या. खालच्या जमिनीवर ओला डाग दिसू लागला. एक दिवस बाबाजी सकाळी उठला तर डोकं गरगरत होतं. आज संध्याकाळी डबा बदलू असं ठरवून, वास जावा म्हणून दार उघडं टाकून, तो इंजिनावर गेला.

आणि नेमकी त्याच दिवशी मंदा आली.

न कळवता आली. परळला असणाऱ्या गावच्या एका माणसाबरोबर बोटीनं धक्क्यावर उतरली, त्यानं तिला भाईंदरपर्यंत आणून सोडलं, आणि पुढं विचारत विचारत ती मिठागरावर पोचली. कौलारू खोली लांबून दिसत होतीच. आत बघते तर काय, घर म्हणावं असं काही नाही. चूल नाही, तवा नाही, एक वळकटी, एक ट्रंक आणि कोपऱ्यात गोणपाटाखाली काहीतरी. वास आला, पण इंजिनाच्या माणसाच्या खोलीला तेलाचा वास यायचाच. दुसरी बाई नाही, एवढं बघून मात्र तिचा जीव भांड्यात पडला. नवरा दुपारी येईल, त्याला घरचं खाऊ घालू, म्हणून तिनं बाहेरनं तीन धोंडे आणले, काटक्या आणल्या, गावचे तांदूळ काढले. ट्रंकेत काडेपेटी मिळेना, तेव्हा झोपडीतल्या एका बाईकडनं मागून आणली.

बाबाजी बांधावरनं येत होता. उघड्या दारातनं त्याला पाठमोरं लुगडं दिसलं, मग तीन धोंडे दिसले, मग हातातली पेटी दिसली. मंदा आहे हे त्यानं ओळखलं. कसं ओळखणार नाही? ज्या पाठीची महिनोन्महिने वाट पाहिली ती पाठ. पण तोंडातनं काय बाहेर पडलं?

"बाहेर हो! आधी बाहेर हो!"

असा ओरडला की आगरातले फावडी टाकून बघायला लागले. धावत येऊन त्यानं तिच्या हातातली पेटी हिसकावली, दंडाला धरून तिला ओढत बांधापर्यंत नेलं. तांदूळ जमिनीवर सांडले. सात महिन्यांनी भेटलेल्या बायकोशी हे त्याचं पहिलं बोलणं.

मग त्यानं सगळं सांगितलं. धापा टाकत. मंदानं ऐकून घेतलं. रडली नाही.

"पेट्रोल हाय," ती म्हणाली. "आनी ता मला आज सांगताव? पाच वरसं गावात मी काय काय ऐकलंय, तुमाला म्हायती हाय? ह्याला बायको नको झालीया, असं म्हनतात लोकं."

"आईला घोर लागंल म्हनून नाय सांगितलं."

"आनी माजा घोर?"

मंदा तीन दिवस इंदुबाईकडे राहिली. इंदुबाईनं बाबाजीला असं फैलावर घेतलं की बाकीचे जेवणारे ताटात बघत बसले. "पेटरोल राखतंस, आन् बायको कोन राखंल रं तुजी?" चौथ्या दिवशी मंदा परत निघाली. गाडी सुटायच्या आधी एवढंच बोलली, "जिथं माजी चूल पेटंल थितं मी येन. पंधरा दिवसांची पाहुनी मला ठेवू नका."

त्या दिवशी बाबाजी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी शेठसमोर जाऊन उभा राहिला. पेट्रोल खोलीतनं हलवायचं म्हणाला. शेठ म्हणाला, "खोली पेट्रोलके वास्ते है. पेट्रोल बाहर, तो तू भी बाहर." बाबाजी जन्मात शेठला उलट बोलला नव्हता. आज बोलला. फुगलेला डबा समोर ठेवला आणि म्हणाला, "शेठ, परवा माझी बायको जळाली असती. तुमचं इंजिनपण." शेठनं डबा बघितला, ओला तळ बघितला. शेवटी म्हणाला, "दुसरी जागा बांध तुझ्या हातानं. पण चोरी झाली तर तुझ्या डोक्यावर."

काशीगावात हमरस्त्याच्या कडेला दाजी नावाचा मोटारी दुरुस्त करणारा होता. बाबाजी त्याच्याकडे चालत गेला. दाजीनं फुगलेला डबा बघून कपाळाला हात लावला. "अरे, ह्यात पेट्रोल? जिवंत कसा राहिलास तू? प्लास्टिक प्लास्टिकमध्ये फरक असतो, बाबा!" त्यानं पेट्रोलसाठीच केलेला जाड भिंतीचा डबा मिळवून दिला आणि चार गोष्टी सांगितल्या. पेट्रोलचा वास जड असतो, जमिनीवरनं सरकत जाऊन विस्तव गाठतो, म्हणून भिंतीला खालूनही भोकं ठेव. उन्हात ठेवू नको. भरताना डबा गाडीवर, खाटेवर नको, जमिनीवर टेकव, कारण प्लास्टिक घासलं की कधीकधी बारीक ठिणगी उडते. डबा फुगला, पिवळा पडला, की माया न करता टाकून दे.

बाबाजीनं तो सगळा पावसाळा बांधकामात घातला. खोलीपासून पन्नास पावलांवर, खाडीकाठच्या भेंडीच्या जुन्या, उंच झाडाच्या सावलीत, दगडांची कोठी. भिंतीला वर-खाली भोकं, वर कौलं, दाराला कुलूप, आणि दार असं की खोलीच्या उंबऱ्यावर बसलं की समोर दिसावं. डबा तिकडे गेला. मग खोलीतली डागाची माती त्यानं हातभर खोल खणून लांब नेऊन टाकली, नवी माती चोपली, चुना मारला, महिनाभर दार सताड उघडं ठेवलं. आणि गणपतीला गावी गेला.

मंदा सगळ्यांसमोर त्याच्याशी नीट वागली. विसर्जन झाल्यावर परसात तिनं विचारलं, "आता खोलीत काडी वडता येती?"

"येते."

"तुमी वडून बघितलीत?"

महिना झाला होता खोली मोकळी होऊन, आणि त्यानं एकही काडी ओढली नव्हती. "तुज्या हातची पयली," असं काहीतरी तो पुटपुटला. मंदानं त्याच्याकडे नीट बघितलं, आणि गाठोडं बांधायला घेतलं.

खोलीत पोचल्यावर तिनं पहिल्यांदा मातीची चूल घातली. तीन दिवस वाळू दिली. चौथ्या दिवशी सकाळी अंघोळ करून चुलीला हळदकुंकू वाहिलं आणि काडी ओढली. बाबाजी दारात उभा होता. काडीचा आवाज झाला आणि पुढचं त्याला कळलंच नाही. भानावर आला तेव्हा तो बांधावर होता, तीस पावलं लांब. मंदानं मान वळवून त्याला बघितलं. हसली नाही की रागावली नाही. फुंकणी घेऊन फुंकू लागली.

कौलांतनं धूर निघाला. त्याच्या खोलीचा, त्याच्या बायकोच्या चुलीचा धूर. पाच वर्षं ज्याच्यासाठी झुरला ते समोर होतं, आणि पाय पुढं पडेनात! अरे, जा ना आत, असं त्याला स्वतःलाच सांगावंसं वाटत होतं. पण अंगाला झालेली सवय ती, सांगून सुटते थोडीच.

भात शिजला, बोंबलाचं कालवण झालं. मंदानं हाक मारली. तो म्हणाला, "हितंच आनून दे."

ती आली नाही. तिनं दोन ताटं वाढली आणि एका ताटापुढं बसून राहिली. दारातनं त्याला ती दिसत होती. ती जेवत नव्हती. सकाळपासून तिच्या पोटात काही गेलं नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. उन्हं डोक्यावर आली, मग कलली. बांधावरनं जाणाऱ्या बाया वाकून बघून गेल्या. मंदा हलली नाही. इतकी वर्षं ती अशीच बसलेली असणार, असं एकदम बाबाजीच्या मनात आलं.

तो उठला. उंबऱ्यापाशी थांबला, नाकानं हवा हुंगली, मग पाय पुसून आत गेला आणि ताटापुढं बसला. चुलीत निखारे होते, त्याच्यापासून दोन हातांवर. मंदानं भाताला बोट लावून बघितलं.

"गार झालाय," ती म्हणाली. "चूल फुंकून गरम करू?"

बाबाजीनं मांडीखाली दोन्ही हात घट्ट दाबून धरले.

"कर," तो म्हणाला.